बिऱ्हाड पाठीवर : राजमाचीचा मुक्काम

सोमवार

"मावशी, टेंट कुठला घेऊ?" जायचं कुठे ते अजून ठरलेलं नाही, आणि भाचीच्या मोबाइलवर तंबूंच्या किमती तयार. मी म्हटलं, आधी मुक्कामाला पाणी आहे का ते बघू, मग जवळ गाव आहे का, मग अंधार किती वाजता पडतो. तंबूची पाळी बरीच नंतर.

मंडळी चार. भाची, तिची रूममेट, मी आणि भावोजी. भावोजींनी पन्नाशी ओलांडली आहे, उत्साह दांडगा आहे आणि उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. मुलींनी दिवसभराच्या टेकड्या केल्यात, पण ओझं घेऊन चालणं आणि डोंगरात झोपणं कुणालाच माहीत नाही. रूममेटला हरिश्चंद्रगड हवा होता. कोकणकड्याचे फोटो बघून सगळ्यांनाच तो हवा असतो. जाऊ की, पण सॅक पाठीवर बसायला शिकल्यावर.

मी राजमाची सुचवला. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे जाणारा कच्चा रस्ता थेट माचीवरच्या उधेवाडीत पोचतो. अंतर स्टेशनपासून साधारण १५ किलोमीटर, पण चढ-उतार किरकोळ. लोणावळाच सव्वासहाशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्यामुळे घाट रेल्वेनं चढलेला असतो, आपण फक्त चालायचं. गावात जेवण मिळतं, ओसरीवर झोपायची सोय होते, पाणी आहे. आणि नवख्यांसाठी माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोरड्या दिवसांत तिथवर जीप येते. कुणाचा पाय मुरगळला तर त्याला खांद्यावर घेऊन उतरावं लागत नाही.

"रस्त्यानंच जायचं तर मग ट्रेक कसला?" इति रूममेट. तिला म्हटलं, उतरताना कोंढाण्याच्या लेण्यांच्या वाटेनं कोकणात उतरू, तेव्हा बोल.

महिना डिसेंबर. पावसाळ्यात राजमाची देखणा असतो हे कबूल, पण ओढे भरतात, कोंढाण्याची वाट निसरडी होते आणि शनिवार-रविवारी जत्रा भरते. मेअखेरीला काजवे बघायला आणखी मोठी जत्रा.

मंगळवार

आज उलटा हिशेब मांडला. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. उधेवाडीत चारला पोचलं म्हणजे हातात दोन तास उजेड. पाठीवर ओझं असताना, नवखी माणसं धरून, ताशी तीन किलोमीटर धरावेत. म्हणजे पाच तास चाल, त्यात जेवण आणि थांबे मिळून दीड तास. चारमधून साडेसहा वजा, साडेनऊ. अर्धा-पाऊण तास गमतीजमतीला सोडून पावणेनऊच्या आत लोणावळा सोडायचं. म्हणजे ठाण्याहून पहाटेची इंद्रायणी. भाचीनं "सकाळची दुसरी गाडी नाही का?" असं विचारून बघितलं. गाडी आहे, उजेड नाही.

परतीची गोष्टही आजच बोलून घेतली. उधेवाडीहून पायथ्याच्या कोंदिवडे गावापर्यंत पाचशे मीटरहून जास्त उतार आहे, आणि उतार गुडघ्यांना खातो. रविवारी सकाळी भावोजींचा गुडघा दुखत असेल तर ते जीपनं लोणावळ्याला जातील, त्यावर चर्चा नाही. असे निर्णय घरी, पंख्याखाली बसून घेतलेले बरे. डोंगरात माणूस भिडेपोटी हो म्हणतो.

गुरुवार

वजनाचा दिवस. सगळ्यांनी सॅक भरून आमच्याकडे आणायच्या असं ठरलं होतं. वजनकाट्यावर आधी नुसतं उभं राहायचं, मग सॅक घेऊन, आणि वजाबाकी करायची. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त पाठीवर नको असं सगळे सांगतात. पहिल्या खेपेला सातवा हिस्सा पुरे असं माझं मत.

भाचीचं वजन बावन्न, सॅक अकरा किलो, तीही पाण्याशिवाय! जमिनीवर चादर पसरून तिची सॅक उलटी केली. जीन्स निघाली. भिजली तर दोन दिवस वाळत नाही आणि सुकी असली तरी जडच भरते. तिच्या जागी साधी ट्रॅकपँट. मोठ्या टर्किश टॉवेलच्या जागी पंचा. शाम्पूची अख्खी बाटली, दोन पॉवर बँका, परीक्षेचं पुस्तक (वाचणार होतीस का खरंच?), चार जोड कपडे. कपड्यांचा हिशेब सोपा आहे : एक अंगावर चालायचा, एक कोरडा फक्त झोपायचा, मोजे जास्तीचे. चालण्याचा टी-शर्ट सुती नको, घामानं चिंब होऊन अंगाला चिकटतो आणि संध्याकाळी त्यातच थंडी वाजते.

भावोजींच्या सॅकमधून घडीची खुर्ची निघाली. तिच्याबद्दल मी काही लिहीत नाही, ताई हे सदर वाचते.

तंबूचाही निकाल लागला. दोन माणसांचा साधा तंबू अडीच-तीन किलोंचा असतो. ओसरी असताना तो नेणं म्हणजे हमाली. स्लीपिंग बॅग आणि कॅरीमॅट मात्र प्रत्येकाची. माचीवर पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि शेणानं सारवलेली जमीनही गार पडते.

मग सॅक परत भरली. आत आधी मोठी प्लास्टिकची पिशवी, कारण सॅकचं कव्हर पाठीकडून ओघळणारं पाणी अडवत नाही. तळाला स्लीपिंग बॅग. जड सामान पाठीच्या कण्याला लागून, मध्याच्या थोडं वर. जड वस्तू बाहेरच्या कप्प्यात गेली की सॅक मागे ओढते आणि माणूस वाकून चालतो. टॉर्च, स्वेटर, खाऊ वरती. सॅक चढवल्यावर कमरेचा पट्टा आधी, बरोबर कमरेच्या हाडावर आवळायचा, आणि त्यानंतर खांद्याचे. भाची उलट करत होती. तिचा पट्टा मी नीट बसवला तेव्हा म्हणाली, "अगं, वजन गेलं कुठे?" कमरेवर गेलं.

तीन लिटर पाणी धरून तिची सॅक शेवटी साडेसात किलोंवर आली.

शुक्रवार

उधेवाडीत फोन करून चार माणसांचं रात्रीचं जेवण सांगितलं. ऐनवेळी जाऊन चूल पेटवायला लावणं बरं नाही. ताईकडे कागदावर लिहून दिलं : कुठून जाणार, कुठून उतरणार, रविवारी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. माचीवर रेंज असते-नसते.

दशम्या केल्या. दुधात भिजवलेल्या, दोन दिवस टिकतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ-दाणे आणि इलेक्ट्रॉलच्या पुड्या. सगळ्यांना पायाची नखं कापायला सांगितली. रूममेट हसली.

शनिवार

लोणावळ्यात चहा, तुंगार्लीपर्यंत रिक्षा आणि पावणेनऊच्या आत चालायला सुरुवात. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं थांबा. भावोजींना पुढे ठेवलं. सगळ्यात सावकाश चालणारा पुढे असला की घोळका तुटत नाही. तो मागे राहिला, तर बाकीचे विसावा घेऊन उठतात तेव्हा तो नुकता टेकत असतो.

दुसऱ्या टप्प्यात रूममेट गप्प झाली. विचारलं तर म्हणाली, काही नाही, टाच जरा गरम वाटते. जागच्या जागी थांबवलं, बूट-मोजा काढला. टाचेवर नाण्याएवढा लाल डाग, फोड अजून नव्हता. मेडिकलमधला कागदी टेप सुरकुती न पाडता लावला, मोजा बदलला, बूट टाच मागे टेकवून नव्यानं बांधले. पाच मिनिटांचं काम. हेच तासाभरानं केलं असतं तर तिची रविवारची उतरण जीपमधून झाली असती. बूट जुनेच होते, कॉलेजला रोज वापरलेले, म्हणून एवढ्यावर भागलं.

बाकी वाट म्हणजे तांबडी धूळ, वाळलेली कारवी, मधूनच जंगलाची गार सावली. दुपारी एका वळणावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले समोर आले. साडेतीनला गावात पोचलो, हिशेबाच्या अर्धा तास आधी.

सॅक ओसरीवर ठेवून, टॉर्च आणि पाणी घेऊन श्रीवर्धनवर. दोन बालेकिल्ल्यांच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ आहे, तिथून पाऊण तासाची चढण. बोरघाटातून कल्याणच्या बंदराकडे जाणाऱ्या मालावर नजर ठेवायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी राजमाचीही घेतला. मला मात्र इथे आठवतो तो तोतया. पानिपतावर पडलेला सदाशिवरावभाऊ मीच, असं सांगणारा तो इसम १७७६ मध्ये कोकण काबीज करत बोरघाटापर्यंत आला आणि राजमाचीवर ठाण मांडून बसला. पेशव्यांच्या सरदारांनी त्याला गोड बोलून गाफील ठेवलं आणि मग अचानक गाठलं. गोष्ट ऐकून भाची म्हणाली, "आधार कार्ड हवं होतं."

उजेडातच खाली आलो. घरच्या काकूंनी पिठलं, तांदळाच्या भाकऱ्या आणि ठेचा वाढला. भावोजींनी चौथी भाकरी मागितली तेव्हा काकू म्हणाल्या, "घ्या की दादा, एवढं चालून आलात." झोपण्यापूर्वी सगळ्यांना घामाचे कपडे बदलायला लावले. अंगावरचा ओलावा स्लीपिंग बॅगेत नेला की पहाटे कुडकुडायचं. बूट ओसरीवर न सोडता उशाशी.

रविवार

सकाळी बूट उलटे करून झटकले. भावोजी उठताना भिंतीला धरून उठले आणि "हे काही नाही, थंडीनं आखडलंय" म्हणाले. मी नुसतं "मंगळवार" म्हटलं. ते जीपवाल्याला फोन करायला गेले.

आम्ही तिघी साडेसातला निघालो. रूममेटला हवा होता तो ट्रेक हा. दाट झाडी, मुळांच्या पायऱ्या आणि मधूनमधून घसारा, म्हणजे बारीक मुरमाचा उतार, जिथे पाय टेकला की खडे घरंगळतात. तिथे लांब ढांग टाकायची नाही. गुडघे जरा वाकवून छोटी पावलं, पूर्ण तळवा टेकवत. निघतानाच बुटांच्या नाड्या घोट्याशी घट्ट करून घेतल्या होत्या, म्हणजे बोटं पुढे जाऊन आदळत नाहीत. नखं कापायचं कारण रूममेटला तेव्हा समजलं.

कोंढाण्याला पोचायला तीन तास लागले. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे बौद्ध लेणं. चैत्याची दर्शनी बाजू लाकडी इमारतीसारखी कोरलेली, तुळया आणि जाळ्यांसकट. कातळात काम करणाऱ्यांच्या हाताला सवय लाकडाची होती. त्यातल्याच एकाचं नाव आपल्याला माहीत आहे : कण्हाचा शिष्य बलक. चैत्याच्या डाव्या अंगाला ब्राह्मी अक्षरांत त्यानं ते नोंदवलेलं आहे. मुली बराच वेळ ती अक्षरं शोधत होत्या. सॅक खाली ठेवायचंही सुचलं नाही त्यांना, म्हणजे ओझं बसलं म्हणायचं.

पुढे कोंदिवडे, तिथून टमटमनं कर्जत. वडा खाल्ला. ताईला फोन केला, तर भावोजी घरी पोचून जेवायला बसलेले.

लोकलमध्ये बसल्या बसल्या यादी काढली आणि न वापरलेल्या वस्तूंवर काट मारली : दुसरा स्वेटर, पत्ते, चमच्यांचा संच, भाचीची उरलेली पॉवर बँक. काट न मारता ठेवलेल्या : टॉर्चचे जादा सेल, शिट्टी आणि प्रथमोपचाराची पिशवी. तिच्यात टेप तेवढा नवा भरायचा.

(क्रमशः)