सव्वादोन किलो

माझा पहिला स्पॉटिंग स्कोप ८० मिलिमीटरचा होता. घेण्याआधी रीतसर एक्सेल शीट केली होती. त्यात वजनाचा रकानाही होता, पण मी त्याकडे फारसं पाहिलं नाही. ५०पेक्षा ८०चं भिंग अडीचपट उजेड गोळा करतं, हे गणित बरोबरच होतं. फक्त स्कोप, हेड आणि ट्रायपॉड मिळून साडेपाच किलो भरले. दोन हिवाळ्यांत तो चारदा बाहेर पडला. बाकी दिवस कपाटावर.

मग बाबांची बायपास झाली. मला पक्षी दाखवले ते त्यांनीच, स्कूटर थांबवून थांबवून. आता भिगवणला होडीत चढताना कुणीतरी हात धरणार, ते त्यांना नको होतं. "तू जाऊन ये, फोटो दाखव," म्हणाले.

मी मोठा स्कोप विकला आणि ५० मिमीचा, तिरक्या आयपीसचा घेतला. वजन सहाशे ग्रॅम. २५ पटीला यातून डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत २ मिमीचा असतो, ४० पटीला सव्वा मिमीचा, आणि चित्र काळवंडतं. म्हणून जास्त पटींचा मोह सोडला. तसंही ऊन चढलं की उजनीच्या पाण्यावरची हवा लहरायला लागते, आणि पट वाढवली की त्या लहरीच मोठ्या दिसतात.

खरी अडचण ट्रायपॉडची. हलका कार्बन फायबरचा घेतला, तर पहिल्याच दिवशी वाऱ्यात थरथरला. पक्षी २५ पट, तशी थरथरही २५ पट. मग मधला दांडा वर काढायचा नाही, सर्वांत बारीक नळ्या उघडायच्या नाहीत आणि हुकाला सॅक अडकवायची, तीही जमिनीला टेकेल अशी, नाहीतर तीच झुलते. एवढं केल्यावर ट्रायपॉड बुटका होतो. पण आयपीस तिरकी असली की बसून, मान किंचित झुकवून आरामात बघता येतं.

जानेवारीत बाबा काठावर घडीच्या स्टुलावर बसले. समोर पट्टकदंब चरत होते, हिमालय ओलांडून आलेले.

"डोक्यावर दोन पट्टे. दोन्ही स्वच्छ दिसतायत," ते म्हणाले. मग वीस मिनिटं मला नंबरच लागला नाही.

निघताना मी सॅक उचलली आणि ट्रायपॉडकडे वळलो. तो त्यांनी आधीच खांद्यावर टाकला होता.