दुखेल का?

मिस्साचे हेतू नोंदविण्यासाठी धर्मग्रामाच्या कार्यालयात येणाऱ्या भगिनींच्या बोलण्यातील एक गोष्ट आमच्या ध्यानी आली आहे. गुडघा, हृदय, मोतीबिंदू यांविषयी त्या मोकळेपणाने सांगतात. पण दुखणे गर्भाशयाचे असले की आवाज खाली येतो आणि ‘फादर, जरा तपासणी आहे, प्रार्थना करा’ एवढ्यावर बोलणे थांबते. कसली तपासणी हे आम्ही विचारत नाही, त्याही सांगत नाहीत. अशा विषयावर धर्मगुरूने लेखणी उचलावी काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आम्हांलाही तो पडला होता. परंतु गेल्या वर्षी ही तपासणी आमच्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आली आणि तिनेच सांगितले, ‘लिही रे, बायका वाचतील.’

आम्ही तिला बाय म्हणतो. ती उत्तनला राहते, वय एकसष्ट. पाळी जाऊन दहा वर्षे लोटल्यावर एके दिवशी तिच्या अंगावरून रक्त गेले. वेलंकणी मातेपुढे मेणबत्ती लावून ती महिनाभर गप्प राहिली. सुनेच्या लक्षात आले तेव्हा सुनेने तिला बसमध्ये बसवून भाईंदरला डॉक्टरीणबाईंकडे नेले. सोनोग्राफी झाली, आणि दुर्बीण टाकून पिशवी आतून पाहावी, एक लहानसा तुकडा काढून तपासणीस पाठवावा असे ठरले. वैद्यकात यास हिस्टेरोस्कोपी म्हणतात.

त्या संध्याकाळी बाय आमच्याकडे आली ती कर्करोगाची भीती घेऊन नव्हे. ‘न्यायचे तेव्हा देव नेईल,’ असे ती सहज म्हणाली. तिची भीती निराळीच होती. ‘दुखेल का रे?’ तीस वर्षांपूर्वी एका दवाखान्यात तिचे क्युरेटिंग झाले होते. भूल पुरती चढली नव्हती. ती कण्हू लागली तेव्हा जवळ उभ्या असलेल्या बाईने ‘येशूने किती सोसले ते आठव’ असे म्हणून तिला गप्प केले होते. ही हकीकत तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती. आणि आता तिचा दुसरा प्रश्न असा, की भूल मागून घेतली तर सोसण्याचे पुण्य वाया जाते का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. ते आम्ही परिचयातील एका डॉक्टरांकडून समजून घेतले. बोटाहूनही बारीक अशी नळी गर्भाशयाच्या मुखातून आत जाते. तिच्या टोकाशी प्रकाश आणि कॅमेरा असतो. पिशवीच्या भिंती एकमेकींस चिकटलेल्या असतात, म्हणून सलाइनचे पाणी सोडून ती फुगवावी लागते. पाळीत येते तशी कळ येते ती मुख्यतः या फुगण्यामुळे. नुसते पाहण्यास बहुधा दहा-पंधरा मिनिटे पुरतात. हा उपाय नवा आहे असेही नाही. १८६९ साली पँटालिओनी नावाच्या डॉक्टरांनी साठ वर्षांच्या एका स्त्रीची अशी तपासणी केली होती. तिलाही पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होत होता आणि आत एक वाढ सापडली होती.

दुखते किती, याचे प्रामाणिक उत्तर असे की सर्वांना सारखे दुखत नाही. पुष्कळ स्त्रिया भूल न घेता ही तपासणी करून घेतात आणि थोडी कळ आली म्हणतात. काहींना मात्र वेदना असह्य होतात. जिची नैसर्गिक प्रसूती झालेली नाही, जिची पाळी जाऊन बरीच वर्षे झाली आहेत, तिचे गर्भाशयमुख अरुंद असल्याने तिला अधिक त्रास होण्याचा संभव असतो. ‘काही होत नाही, मुंगी चावल्यासारखे वाटेल’ असे सरसकट सांगणे आम्हांला योग्य वाटत नाही. इंग्लंडमध्ये २०१४ पासून स्त्रियांनी याविरुद्ध चळवळच चालविली, आणि तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांचे रॉयल कॉलेज आता सांगते की वेदनेची कल्पना आधी द्यावी, पूर्ण भुलेचा पर्याय पुढे ठेवावा, आणि स्त्रीने ‘थांबा’ म्हटले की थांबावे. आपल्याकडे पुष्कळ इस्पितळांत ही तपासणी थोड्या वेळाच्या भुलेखालीच होते. पण हे बायला कोणी सांगितले नव्हते, आणि तिने विचारलेही नव्हते. ‘एवढी म्हातारी बाई, दुखेल का म्हणून विचारते, हसतील ना!’

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्ही सेमिनरीत, नैतिक ईशज्ञानाच्या तासाला शिकलो होतो. १८४७ साली सिम्प्सन यांनी बाळंतिणींना क्लोरोफॉर्म दिला तेव्हा हव्वेला मिळालेल्या शिक्षेचा दाखला देऊन काही धार्मिकांनी आक्षेप घेतले. सिम्प्सन यांनीही उत्पत्तीच्याच पुस्तकावर बोट ठेवले: आदामाची फासळी काढण्यापूर्वी परमेश्वराने त्याला गाढ झोप आणली होती. पुढे २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप पायस बारावे यांनी इटलीतील भूलतज्ज्ञांच्या तीन प्रश्नांना उत्तरे देताना स्पष्ट केले, की श्रद्धेखातर वेदना सोसलीच पाहिजे आणि वेदनाशामक नाकारलेच पाहिजे असे सर्वसाधारण बंधन ख्रिस्ती माणसावर नाही. कोणी स्वेच्छेने सोसणे निराळे. गंधरस घातलेला द्राक्षरस प्रभूने क्रुसापाशी घेतला नाही, पण दुसऱ्याच्या ओठांपासून पेला दूर करण्याचा अधिकार त्यावरून कोणालाही मिळत नाही. तीस वर्षांपूर्वीच्या त्या बाईलाही नव्हता.

भीतीचे म्हणाल तर गेथशेमनीच्या बागेत प्रभूला स्वतःला भीती वाटली आणि त्याने ती शिष्यांना बोलून दाखवली. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या त्या स्त्रीची कथा मार्क सांगतो (५:२५-३४), तीही आम्ही बायला वाचून दाखवली. अनेक वैद्यांच्या हातून तिने पुष्कळ सोसले होते, असे मार्क आवर्जून नोंदवतो. (लूकला परंपरा वैद्य मानते, त्याने हा शेरा गाळला आहे.) शेवटी ती थरथरत पुढे येते आणि सारे काही सांगून टाकते, तेव्हा प्रभू तिला ‘मुली’ म्हणतो. ऐकताना बाय डोळे पुसत होती. मग म्हणाली, ‘कागद घे.’

सुनेने लिहून घेतले. भूल देणार का, आणि कोणती? किती तास उपाशी राहायचे? रक्तदाबाची गोळी त्या सकाळी घ्यायची का? बिनभुलेची असेल तर तासभर आधी दुखण्याची गोळी चालेल का? मी हात वर केला तर थांबाल का? नंतर किती दिवस रक्त जाईल, आणि ताप आला किंवा रक्त वाढले तर रात्री फोन कोणाला करायचा? डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. एकेका प्रश्नाचे उत्तर देऊन त्यांनी भूलतज्ज्ञांचा वार ठरवला.

तपासणीच्या दिवशी सकाळपासून बायचे हात गार होते आणि ओठ जपमाळ म्हणत होते. भीती काही गेली नव्हती. शुद्धीवर आल्यावर तिने सुनेला विचारले, ‘आत कधी नेणार?’ दोन दिवस ओटीपोटात थोडी कळ राहिली. आत चण्याएवढा पॉलिप होता, तो काढला. आठवड्याने आलेल्या अहवालात कर्करोग नव्हता. त्यानंतर शेजारच्या दोघींना घेऊन बाय स्वतः भाईंदरला जाऊन आली. प्रश्नांचा तो कागद सध्या त्यांतल्या एकीकडे आहे.