पुन्हा उडायचं, पण कुठून?

काही वर्षं संसारात घालवून बाई पुन्हा नोकरीला निघाली, की घरीदारी पहिला प्रश्न ठरलेला: "घर कोण बघणार?" तो प्रश्न कसाबसा सुटला, आणि हातात एकाऐवजी दोन नोकऱ्या आल्या, तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही ठरलेलंच असतं: "जवळची घे." माझ्या बाबतीत अगदी हेच झालं. फरक इतकाच, की माझी नोकरी विमान चालवण्याची.

आता तुम्ही म्हणाल, पारोळ्यात राहून विमान? हो तर! अमळनेर माझं माहेर आणि पारोळा सासर. झाशीच्या राणीच्या माहेरचं तांबे घराणं आमच्या पारोळ्याचं, असं इथे पोरापोराला पाठ असतं. प्रतिभाताई पाटील आमच्या जळगावच्याच. राष्ट्रपती असताना, 25 नोव्हेंबर 2009 रोजी, वयाच्या 74व्या वर्षी त्या पुण्याहून सुखोई या लढाऊ विमानातून आकाशात जाऊन आल्या. त्याच्याही आधी, 1985 साली, कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्त्याहून सिलचरला फोकर विमान नेलं. शेजारी सहवैमानिक निवेदिता भसीन. दोन्ही वैमानिक बायका असण्याची इंडियन एअरलाइन्समधली ती पहिलीच वेळ. आज जगभरात शंभर वैमानिकांमागे पाच-सहा बायका आहेत, तर आपल्या देशात पंधराच्या आसपास. तेव्हा आपल्या बायकांना आकाश काही परकं राहिलेलं नाही.

मी 2008 ते 2017 अशी नऊ वर्षं उडाले. एटीआर जातीचं विमान, दोन पंख्यांचं, सत्तरेक माणसांचं. लहान गावांना जातं ते. मग धाकटा वर्षाचाही नव्हता तेव्हा सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. यजमानांचा दवाखाना पारोळ्यातच. मी नोकरी सोडून घरी आले. सासऱ्यांचं शेवटपर्यंत हातानं केलं, त्याचं मला समाधानच आहे. पण उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे उलटताना वरून विमानाचा आवाज आला, की मान आपोआप वर जायची.

सासरे गेले, धाकटा तिसरीत गेला आणि मी पुन्हा तयारीला लागले. वैमानिकाचं लायसन म्हणजे शिवणाचं मशीन नव्हे, की आठ वर्षांनी झाकण काढलं, तेलाचे दोन थेंब सोडले आणि चाललं. प्रवासी घेऊन उडायचं तर मागच्या 90 दिवसांत निदान तीनदा विमान उडवून उतरवलेलं असावं लागतं. इथे तर आठ वर्षं गेलेली! डोळ्यांपासून हृदयापर्यंत वैद्यकीय तपासणी, पुन्हा अभ्यास, मग सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या खोट्या विमानात, परीक्षा. रात्री सगळे झोपले की ओट्याशेजारी स्टूल ओढून मी पुस्तकं वाचायची. खर्च माझ्याच जुन्या ठेवींतून केला.

आणि एकाच आठवड्यात दोन पत्रं आली.

पहिलं होतं विमान चालवायला शिकवण्याचं. तुम्हांला नवल वाटेल, पण वैमानिक घडवण्यात खानदेश मागे नाही. मुंबईला जुहूत 1928 साली निघालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबची शिकवणी पुढे आमच्या धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर आली. शिरपूरलाही शिकवतात. अशाच एका संस्थेत, घरापासून तासा-दीड तासावर, मला शिक्षिकेची जागा मिळत होती. त्यासाठी लागणारी परीक्षा मी पूर्वीच देऊन ठेवली होती.

दुसरं पत्र एका विमान कंपनीचं. तेच एटीआर, पण बेस हैदराबाद. बेस म्हणजे जिथून तुमची ड्यूटी सुरू होते आणि जिथे संपते ते गाव. आणि जागा सहवैमानिकाची, अगदी तळापासून. जुनी ज्येष्ठता धरत नाहीत.

यजमान म्हणाले, "तू ठरव." आईपासून शेजारच्या काकूंपर्यंत बाकी सगळ्यांचं मत पडलं, जवळची घे. मलाही पहिले दोन दिवस तसंच वाटत होतं. मग मुलाच्या वहीतलं एक पान फाडून घेतलं, मधोमध रेघ मारली आणि दोन्ही नोकऱ्यांना चार प्रश्न विचारले. ते तुमच्याही उपयोगी पडतील म्हणून सांगते.

पहिला प्रश्न, काम नसेल त्या दिवशी पैसे किती? शिक्षिकेच्या जागेचा पगार उड्डाणाच्या तासांवर होता. पावसाळ्यात ढग खाली आले की छोटी विमानं जमिनीवरच. म्हणजे जून ते सप्टेंबर हात आखडता. कंपनीत ठरावीक रक्कम दरमहा, वर तासांचे वेगळे.

दुसरा, माझा वेळ कुणाच्या हातात? जवळच्या नोकरीत रोज रात्री मी घरी, हे खरं. पण आपल्याकडचा उन्हाळा तुम्ही जाणताच. तापलेली हवा विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो. म्हणून उड्डाणं पहाटे आणि संध्याकाळी. म्हणजे मुलं उठायच्या आत बाहेर पडायचं आणि दिवेलागणीनंतर परतायचं, आठवड्याचे सहा दिवस. कंपनीत घर लांब, पण 2025च्या जुलैपासून वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास झाली. हैदराबादहून रात्रीची अजिंठा एक्सप्रेस धरली की सकाळी मनमाड, तिथून मालेगाव, धुळे आणि घर. दर आठवड्याला जमणार नाही, पण रजा जोडून महिन्यातून दोनदा जमेल.

तिसरा, नाही जमलं तर बाहेर कसं पडायचं? या धंद्यात राजीनामा दिला आणि निघाले, असं होत नाही. 2017च्या नियमानं सहवैमानिकाला सहा महिने आणि कॅप्टनला वर्षभर आधी नोटीस द्यावी लागते. वर ट्रेनिंगच्या खर्चापोटी बाँड. सही करायचा कागद ताटातल्या तांदळासारखा निवडावा, खडा आधीच सापडलेला बरा. मी बाँडची रक्कम आणि मुदत दोन्ही लेखी मागून घेतली.

चौथा प्रश्न मात्र मला रात्रभर जागवणारा ठरला. आज नाही म्हटलं, तर उद्या कुठलं दार उघडं राहील? प्रवासी विमान वयाच्या 65 वर्षांपर्यंतच चालवता येतं. माझं वय 42. शिकवणं पन्नाशीतही करता येईल, उलट तोवर हजारो तास पदरी असले तर जास्त चांगलं करता येईल. पण आणखी पाच वर्षं थांबलेल्या बाईला कंपनी बोलावेल याची खात्री कोण देणार?

मी लांबची नोकरी घेतली.

सोपं नव्हतं. मुलगी नववीत. ती तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "तुझं महिन्याचं टाइमटेबल मला आधी पाठवायचं. बाबांना नाही, मला." ते आता फ्रिजवर लागतं, तिच्या अक्षरात. सासूबाईंनी अहिराणीत एवढंच सुनावलं, की उडायचं ते तू उडशील, घर काही उडून जात नाही. स्वयंपाकाला बाई लावली, पण धाकट्याला अजून तिच्या हातची कळण्याची भाकरी आवडत नाही. त्याला ताप आला त्या रात्री मी राजमहेंद्रीत होते. फोनवरून कपाळावर हात ठेवता येत नाही, ते दुःख वेगळंच. कॉकपिटमध्ये माझा कॅप्टन माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. मी त्याला सर म्हणते, तो मला मॅडम म्हणतो, आणि विमान वेळेवर उतरतं.

वर्ष होत आलं. बालाजीच्या रथोत्सवाला मला रजा मिळाली, दिवाळीला नाही मिळाली. असंच चालायचं.

माझं उत्तर ते तुमचं असावं, असं मी म्हणणार नाही. तुमच्या पानावर जवळची नोकरीच सरस ठरेल कदाचित, मग बिनधास्त ती घ्या. फक्त ती पानावर ठरू द्या, शेजारणीच्या तोंडून नको. आणि ज्या आज घरी आहेत त्यांना एक सांगणं. बी.एड.चं प्रमाणपत्र असो, नर्सिंगची नोंदणी असो की बँकेतला अनुभवाचा दाखला, आपले कागद आपल्या हाताशी ठेवा. माझं लॉगबुक, म्हणजे उडालेल्या प्रत्येक तासाची नोंदवही, आठ वर्षं कपाटात पैठणीच्या घडीखाली होतं. दोन्ही पत्रं आली ती त्या वहीच्या जोरावर.