आमच्या वर्गाची वार्ता

वसईतल्या आमच्या छोट्या कॅथलिक कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचं एक पत्रक दर नाताळच्या आधी निघतं. कागद साधा, मधोमध दोन पिना. पहिल्या पानावर प्राचार्यांचं मनोगत, मग संघाचा जमाखर्च, मग क्रीडादिनाचे फोटो. पण पत्रक हातात पडलं की बहुतेक जण ते मागून उघडतात. शेवटच्या पानांवर दोन सदरं असतात. एकाचं नाव ‘आनंदवार्ता’, दुसऱ्याचं ‘स्मरण’. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला मुलगी झाली, कुणाचा धाकटा पहिल्या कम्युनियनला बसला, कुणाच्या संसाराला पंचवीस वर्षं झाली. आणि त्याला लागूनच, कोण गेलं. ही दोन्ही सदरं गेली बरीच वर्षं मी जुळवते आहे.

कॉलेज लहान असलं की माणसं एकमेकांना पुरती ओळखतात. आमच्या तुकडीत कुणी वाडीतून सायकलवर यायचं, कुणी कोळीवाड्यातून, कुणी अर्नाळ्याकडून एसटीने, कुणी नालासोपाऱ्याहून लोकलने. सामवेदी ख्रिस्ती होते, वाडवळ होते, कोळी, आगरी, भंडारी होते, सोपाऱ्याची मुसलमान मुलं होती. सकाळच्या तासाला येण्याआधी निम्म्या मुलांचं घरचं काम उरकलेलं असायचं. माझ्या शेजारी बसणारी मुलगी पहाटे नागवेलीची पानं खुडून, त्यांच्या कवळ्या बांधून मगच घरातून निघायची. तिच्या नखांच्या कडा कायम हिरवट काळ्या दिसत. इतिहासाच्या तासाला ती वही लिहायची तेव्हा पानाचा तो तिखट, ओलसर वास माझ्यापर्यंत येत असे. गुणपत्रिकेवर असलं काही नोंदलेलं नसतं. पण पुढे तिच्याविषयी लिहायची वेळ आली तेव्हा मला आधी तिचे हातच आठवले.

या सदरांना स्वतःचं एक वय आहे. आम्ही नुकते बाहेर पडलो होतो तेव्हा ‘आनंदवार्ता’ ओसंडून वाहायची. बँकेत लागला, रेल्वेत लागला, मस्कतला गेला, कुवेतला गेला. गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीत आमच्यातला एक जण दाखल झाला, एकीने सिस्टरचं व्रत घेतलं. मग लग्नं, मग बाळांचे स्नानसंस्कार, बारशी, मुंजी. तेव्हा ‘स्मरण’ या सदरात असायची ती आजी-आजोबांची नावं. पुढे तिथे आई-वडील येऊ लागले. एका वर्षी आमच्या लाडक्या ग्रंथपालांचं नाव आलं. आणि मग एके वर्षी, पहिल्यांदाच, आमच्याच तुकडीतलं एक नाव मला त्या सदरात लिहावं लागलं. हजेरीपटावर ते माझ्या नावाच्या थोडंसं वर असायचं.

बातम्या गोळा करायच्या म्हणजे फोन करायचे. पलीकडून ठरलेलं उत्तर येतं: ‘अगं, छापण्यासारखं काही नाही माझ्याकडे.’ मी फोन ठेवत नाही. इकडचं तिकडचं बोलत राहते आणि शेवटी शेवटी खरी वार्ता बाहेर येते. एकीने अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं इतकी वर्षं केलं. एकाने दारू सोडली आणि ती सुटलेलीच राहिली. एकीचा मुलगा उशिरा बोलायला लागला आणि परवा त्याने शाळेच्या स्नेहसंमेलनात स्वागताची चार वाक्यं म्हटली.

आणि एक मित्र आहे, ज्याने आपली वाडी विकली नाही. वसईबाहेरच्या वाचकाला ही बातमी वाटायची नाही. पण ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इथल्या हिरव्या पट्ट्यावर इमारतींचं सावट पडलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीतली माणसं रस्त्यावर उतरली, तो काळ आम्ही कोवळ्या वयात पाहिला आहे. पुढे २००९ साली महानगरपालिका आली. एकेक वाडी गेली, एकेक बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, बुजलं. अशा मुलखात एखादा माणूस बापजाद्यांची केळी राखतो, गाळाने भरलेलं बावखल उपसून घेतो, दलालांना दारातूनच परत लावतो, ही त्याच्या आयुष्याची मोठी घटना आहे. आम्ही ती छापली: ‘यंदाही वाडी राखली. राजेळीचे घड चांगले आले. सुकेळी मागणीप्रमाणे मिळतील.’ ते वाचून किती तरी जणांनी त्याला फोन केले.

साध्या माणसाचं आयुष्य छापण्याजोगं असतं, ही दृष्टी आमच्या पिढीला ‘सुवार्ता’ मासिकाने दिली. १९८३ पासून २००७ पर्यंत फादर दिब्रिटो त्याचे संपादक होते. म्हणजे आमची सगळी घडणीची वर्षं त्या अंकांच्या सोबतीने गेली. पुढे ते उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ती २०२० च्या जानेवारीतली गोष्ट. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. त्या वर्षीच्या पत्रकात, ते आमच्या कॉलेजचे विद्यार्थी नसतानाही, ‘स्मरण’ सदराची सुरुवात आम्ही त्यांच्या नावाने केली. त्यांचं ऋण फेडायची आमच्याकडे तेवढीच जागा होती.

ही दोन सदरं समोरासमोर असू नयेत, असं काही जणांचं म्हणणं पडलं. लग्नाच्या फोटोसमोर मृत्यूची बातमी बरी दिसत नाही. एखादं पान मध्ये घाला. मी त्यावर बराच विचार केला आणि ती तशीच राहू दिली. कारण आम्ही ज्या परंपरेत वाढलो तिने या दोन गोष्टी कधी तोडून ठेवलेल्याच नाहीत. चर्चच्या दिनदर्शिकेत जन्मदिवस साजरे होतात ते तिघांचेच: येशूचा, मारियामातेचा आणि योहान बाप्तिस्त्याचा. बाकी संतांचा सण बहुतेक त्यांच्या मृत्यूच्या तिथीला किंवा तिच्या आसपास येतो. माणूस ज्या दिवशी देवाघरी पोचला, तोच त्याचा मोठा दिवस. कॉलेजात असताना मी हे एका वारकरी घरातल्या वर्गमित्राला सांगितलं. तो म्हणाला, ‘मग आमचं वेगळं काय आहे? आळंदीची कार्तिकी समाधीच्या दिवसाचीच, आणि तुकाराम बीज म्हणजे महाराजांच्या वैकुंठगमनाचा दिवस.’ त्या दिवशी कँटीनच्या बाकावर आम्हा दोघांनाही आपापल्या घरचं काही नव्याने कळलं.

वसईचा संत गोन्सालो गार्सिया हा तर आमच्या या सदराचा जणू मूळपुरुषच. सोळाव्या शतकात तो या मातीत जन्मला, किल्ल्यातल्या जेज्वितांकडे शिकला, तरुणपणी जपानला जाऊन व्यापारात पडला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला आणि दुभाष्या म्हणून पुन्हा जपानला परतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर ज्या २६ जणांना क्रुसावर चढवून मारलं, त्यांत तो होता. रोमने त्यांना संतपद दिलं ते १८६२ साली. मध्ये २६५ वर्षं गेली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, किल्ल्यातली चर्चेस ओसाड पडली, मग पेशवाई गेली, इंग्रज आले. एवढ्या उलथापालथीत घराबाहेर पडलेल्या एका मुलाचं नाव पुसलं गेलं नाही. कुणी ना कुणी ते पुढच्याच्या हवाली करत राहिलं. स्मरण असंच टिकतं. ते कुणीतरी करावं लागतं, आणि आपला हात थकायच्या आत दुसऱ्याच्या हाती द्यावं लागतं.

माझ्या शेजारी बसणारी ती मैत्रीण २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. तोवर ती एका शाळेची मुख्याध्यापिका झाली होती. दफनाला घरची चारच माणसं होती. ज्या गावात अंत्ययात्रेला अख्खा धर्मग्राम चालत जातो, ब्रास बँडच्या संथ सुरांमागे बायका रोझरी म्हणत जातात, त्या गावात ती जवळजवळ एकटीच गेली. आम्ही सगळे आपापल्या घरात अडकून होतो.

२ नोव्हेंबर हा आमच्याकडे मृतांच्या स्मरणाचा दिवस. पुढच्या २ नोव्हेंबरसाठी तुकडीतले होतो तेवढे तिच्या गावी जमलो. आदल्या संध्याकाळी आम्ही कबर साफ केली. पावसाळ्याने आलेलं गवत उपटलं, नारळाच्या सोडणाने संगमरवर घासला, अक्षरांत साचलेलं शेवाळ काडीने कोरून काढलं. वारकरी मित्राने दादरच्या फुलबाजारातून झेंडूची पाटी आणली होती. त्या पाकळ्यांचा क्रूस कसा मांडायचा हे त्याला ठाऊक नव्हतं. तिच्या मुलीने त्याला दाखवलं. सोपाऱ्याच्या मित्राने मेणबत्त्यांना वारा लागू नये म्हणून पत्र्याचा आडोसा वाकवून दिला. काम चाललं असताना कुणी रडलं नाही. तिच्या नोट्स सगळ्या वर्गाने कशा उतरवल्या होत्या, सहलीला तिने घरून पानग्या कशा आणल्या होत्या, एकदा सरांनाच तारीख चुकली म्हणून तिने कसं सांगितलं होतं, असं एकेक निघत गेलं. तिची मुलगी हातातला खराटा थांबवून ऐकत होती. आईचं हे वय तिने पाहिलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते आम्ही तिला दिलं. माजी विद्यार्थी संघ कशासाठी असतो, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

तुकडीतला एक मित्र फार लवकर, हृदयविकाराने गेला होता. हिंदू घरातला, एकुलता एक. सेमिनरीत गेलेला आमचा वर्गमित्र तोवर धर्मगुरू झाला होता. त्याच्या मनात आलं की आपल्या मित्रासाठी मिस्सा करावी. आम्ही घरी जाऊन आईची परवानगी मागितली. मिस्सेच्या आरंभी कुणासाठी प्रार्थना आहे त्यांची नावं वाचतात, एवढं तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘नाव घेणार ना? मग मी येते.’ रविवारी सकाळी ती आली, डोक्यावर पदर घेऊन पुढच्या बाकावर बसली. फादरांनी मराठीतून प्रार्थना सुरू केली आणि मित्राचं नाव घेतलं; त्याचं, त्याच्या वडिलांचं, आडनावासकट, कॉलेजच्या हजेरीपटावर असायचं तसं पूर्ण. त्या माऊलीने मान वर केली. मिस्सा संपल्यावर ती फादरांना म्हणाली, ‘बाळा, तू त्याचं नाव नीट घेतलंस.’ वर्षश्राद्धाला तिने आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. आम्ही पानावर बसलो तेव्हा फादरांना तिने आग्रह करून आपल्या मुलाच्या जागी बसवलं.

मोठ्या विद्यापीठांचे माजी विद्यार्थी देश चालवतात, कंपन्या चालवतात, त्यांच्या नावाच्या इमारती उभ्या राहतात. त्यांचा मला आदरच आहे. आमच्या कॉलेजातून बाहेर पडलेल्यांनी बहुतेक घरं चालवली, वर्ग चालवले, वाड्या राखल्या, रुग्णालयात रात्रपाळ्या केल्या. अशा आयुष्यांची दखल घ्यायला दुसरं कुणी येत नाही. ज्यांनी त्या माणसाला अठराव्या वर्षी पाहिलं, त्याच्या डब्यातलं खाल्लं, त्यांनीच ती घ्यायची असते. आईबाप आपल्या आधीचे असतात, मुलं आपल्या नंतरची. बरोबरीने मोठं होताना पाहिलेले साक्षीदार आयुष्यात थोडेच असतात, आणि लहान कॉलेजाने मला ते भरभरून दिले. या सदरांमधून मी तेच ऋण थोडंथोडं फेडते आहे, आणि माझ्यानंतर कुणीतरी ते फेडत राहावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. आता आमच्यातल्या काहींची मुलं त्याच वर्गांत बसतात. त्यांतल्या एकीने यंदा टाइप करायचं काम मागून घेतलं, याचा मला फार आनंद आहे.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पुढचं पत्रक नाताळआधी निघेल. नोकरी लागली तर कळवा, सुटली तरी कळवा. नातू झाला, गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, भावाशी धरलेला अबोला सुटला, मोगऱ्याला यंदा बहर आला, सगळं कळवा. छापण्यासारखं आहे की नाही याचा विचार तुम्ही करू नका, तो आमच्यावर सोडा. आणि आपल्यातलं कुणी गेलं तर पत्रकाची वाट पाहू नका, त्याच दिवशी फोन करा. लिहायला आपल्याकडे वर्ष असतं, खांदा द्यायला नसतं.