कुठल्या सुराचा?

आषाढ लागला की आमच्या वलवणच्या देवळात वाद्यांच्या कपाटात बल्ब लावून ठेवतात. जुना, पिवळ्या उजेडाचा, हाताला चटका देणारा. लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरातला. धुकं दारातून आत येऊन बसतं, भिंतींना घाम फुटतो, पखवाजाची पुडी ढिली पडते, पेटीचं लाकूड फुगून पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. त्या बल्बची ऊब हेच आमचं औषध. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की बल्ब चालू आहे ना ते बघायचं आणि मग कुलूप लावायचं, हे काम बाबा गेल्यावर माझ्याकडे आलं.

तीन वर्षांपूर्वी आषाढी होऊन आठवडा झाला होता. रविवारी सकाळी झाडलोटीला गेले तर देवळाचं दार नुसतं लोटलेलं. कडी उचकटून काढली होती. आत कपाटाची दोन्ही दारं उघडी होती आणि बल्ब जळत होता. रिकाम्या फळ्यांवर तो पिवळा उजेड पडला होता. मला आधी काही कळलंच नाही. मी पुढे होऊन बल्ब बंद केला. मग पुन्हा लावला.

पखवाज नव्हता. पेटी नव्हती. वीणा नव्हती. टाळांचे चौदा जोड होते, त्यातला एकही नव्हता. सभामंडपातली घंटा आणि दोन समयाही गेल्या होत्या, पण ते माझ्या लक्षात यायला दुपार उजाडली.

शनिवारची रात्र होती. पावसाळ्यात शनिवारी-रविवारी भुशी धरणाकडे येणाऱ्या गाड्यांची रांग लागते, गल्लीबोळात परक्या नंबरच्या गाड्या उभ्या असतात. कोण कशाला आलंय हे विचारायची सोय उरत नाही. त्यात देवळाच्या पत्र्यावर रात्रभर पाऊस कोसळत होता. शेजारच्या घरातली मंडळी म्हणाली, काही ऐकू आलं नाही. खरंच आलं नसणार.

तोच पखवाज दिंडीबरोबर देहूहून पंढरपूरला चालत गेला होता. रानात, तंबूत, ट्रकच्या टपावर ताडपत्रीखाली राहून धड परत आला होता. आणि घरी आल्यावर गेला.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणारा हवालदार भला माणूस होता. म्हणाला, "मावशी, वर्णन सांगा. खुणा सांगा. पावती, फोटो काही आहे?" पावती कुठली? बाबा टाटांच्या धरणावर कामाला होते. वलवण धरणाचं पाणी घाट उतरून खोपोलीच्या वीजघरात जातं, १९१५ पासून जातंय, आणि त्या पाण्यावर आमच्या दोन पिढ्यांचं पोट भरलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी पैसे साठवून बाबांनी आळंदीहून तो पखवाज आणला. शिसवीचं खोड. त्याची लांबी किती, तोंडाचा व्यास किती, वजन किती, मला एकही आकडा सांगता येईना. मला एवढंच माहीत होतं, की धुमेच्या बाजूला कणीक लावायची आणि वाजवून झाल्यावर खरवडून काढायची, त्या खरवडण्याने कडेला एक गुळगुळीत खोलगा पडला होता. खोडाला बारीक चीर होती, तिथे पितळी पट्टी मारलेली. त्यामुळे 'धा' वाजला की मागून किंचित झिर्र असा आवाज येई. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि लिहिलं, 'एक जुना पखवाज, किंमत अंदाजे दोन हजार'. त्याचं काही चुकलं नाही. कागदावर दुसरं काय लिहिणार? पण घरी येऊन मी जेवले नाही.

तुमच्या मंडळाकडे वाद्यं असतील तर आजच हे करा: प्रत्येकाचे चार बाजूंनी फोटो काढा, मापं घ्या, तडे, पट्ट्या, डाग, कोरलेली अक्षरं वहीत टिपा, आणि ती वही देवळात न ठेवता कुणाच्या तरी घरी ठेवा. आम्ही ती वही चोरीनंतर केली.

पुढचे दोन महिने वाईट गेले. वाद्यांसाठी जीव तुटत होताच, पण त्याहून वाईट झाला तो संशय. देवळात कपाट कुठे आहे, कडी कशी आहे, हे परक्याला कसं कळलं? कुणीतरी आतलंच असणार. हे आधी कुणी बोललं ते आठवत नाही, पण चार दिवसांत गाव तेच बोलायला लागलं. टाळ धरणारा एक मुलगा होता, विशीतला. त्याचं नाव पूर्वी एका मोटारसायकलच्या भानगडीत आलं होतं. त्याच्याकडे बोट दाखवायला कुणाला काही लागलं नाही.

त्या दिवसांत मला झोप नव्हती. भाचा मोबाइलवर जुन्या बातम्या शोधून द्यायचा, त्या मी वाचत बसे. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या चांदीच्या सनया डिसेंबर २०१६ मध्ये वाराणसीत त्यांच्या मुलाच्या घरातून चोरीला गेल्या. महिन्याभरात पोलिसांनी छडा लावला तेव्हा चांदी वितळवून झाली होती, आणि अटक झाली ती खाँसाहेबांच्या नातवाला. ही बातमी वाचली आणि माझ्याही मनात आलं, असंच असतं, घरचाच असतो. दुसऱ्या दिवशी तो मुलगा रस्त्यात भेटला. नेहमीसारखं "रामकृष्णहरी" म्हणाला. मी ऐकलं नसल्यासारखं केलं. एवढंच केलं मी, तोंडाने एक शब्दही बोलले नाही. पण त्यानंतर तो भजनाला यायचा बंद झाला.

श्रावणात आमचा अखंड हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातली दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्री दोन वाजता पहारेकरी बदलतो तेव्हाही ती जमिनीला टेकत नाही. आणि आमच्याकडे वीणाच नव्हती. सप्ताह रद्द करावा असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा आमचे वीणेकरी बुवा पहिल्यांदा चिडलेले मी पाहिले. म्हणाले, "वीणा उसनी आणू. पहारा उसना आणता येत नाही." कार्ल्याच्या बाजूच्या एका मंडळाने वीणा दिली, पखवाज दिला, दहा टाळ दिले. मोबदला विचारला तर हात जोडले. पेटी मी माझी घरची नेली, शिकताना घेतलेली, हलकी.

पहिल्या दिवशी हरिपाठाला उभे राहिलो आणि गावाचा आवाजच लागेना.

म्हातारी मंडळी वरच्या सुराला गेली की आवाज फाटत होता. दुसऱ्या अभंगाला तिघे गप्पच झाले. आम्हा सगळ्यांना वाटलं, दुःखामुळे गळा दाटतोय. मध्यंतरात मी पेटीवर त्या पखवाजाची शाई वाजवून पाहिली. तो पांढरी चारचा निघाला. आमचा कुठल्या सुराचा होता? कुणालाच सांगता येईना. आम्ही तो लावायचो कानाने, गट्टे ठोकून, 'नेहमीसारखा' झाला की थांबायचो. शेवटी मी डोळे मिटून बाबांबरोबर वाजवलेली सुरुवात आठवली आणि बोटं आपोआप जिथे पडली तिथे पाहिलं. काळी दोन.

पेटीला सगळे सूर असतात, ती कुठूनही निघू शकते. पखवाजाला तसं जमत नाही. तोंड लहान तर सूर चढा, तोंड मोठं तर उतरता. गट्टे वरखाली करून थोडाफार फरक पडतो, तेवढाच. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षं आमचं सगळं गाव, बारशाच्या गाण्यापासून दहाव्याच्या भजनापर्यंत, बाबांनी तरुणपणी आळंदीच्या दुकानात हाताला लागला म्हणून उचललेल्या एका खोडाच्या सुरात गात होतं. बाबांना ते कधी कळलं होतं का? मला त्या रात्री रडू आलं, चोरीनंतर पहिल्यांदा.

आणखी एक गोष्ट त्या सप्ताहात घडली, ती सांगायला मला बरेच दिवस लागले, कारण सांगताना बाबांशी बेइमानी केल्यासारखं वाटे. पुरुषांचे आवाज फाटत होते, पण आम्हा बायकांचे मोकळे झाले होते. काळी दोनमध्ये आम्ही कायम खाली, घशातल्या घशात गायचो. खालचा सूर लागला नाही की नुसते ओठ हलवायचो. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की बायका मागे बसून हळू गातात, हा आमचा स्वभावच आहे असं आम्हालाही वाटायचं. पांढरी चारला आमच्या रांगेतली सत्तरीची मावशी अशी काही गायली, की पुढे बसलेले पुरुष मान वळवून बघायला लागले.

दिवाळी झाल्यावर नवा पखवाज घ्यायला आम्ही पाच जण आळंदीला गेलो. वर्गणी जमली होती. कारागिराने शाई घोटता घोटताच विचारलं, "माउली, कुठल्या सुराचा?" आणि आम्ही दुकानात उभ्या उभ्या भांडलो. बुवा म्हणाले, होता तसाच, काळी दोन. मी म्हणाले, चढा घ्या. बुवा माझ्याकडे बघत राहिले. "तुझ्या बापाचा सूर बदलायचा म्हणतेस?" मला उत्तर देता आलं नाही. कारागीर शांतपणे दोन्हींच्या मधलं एक खोड काढून पुढे ठेवून म्हणाला, हे वाजवून बघा. पांढरी तीन. बुवांनी एक ओळ म्हणून पाहिली, वर जाताना ताण पडला पण फाटलं नाही. मग माझ्याकडे हात केला. मी म्हटली. मलाही खाली जाताना जरा कष्टच पडले. तोच घेतला.

त्याच हिवाळ्यात पोलिसांचा फोन आला. हायवेच्या कडेच्या एका भंगारवाल्याकडे माल सापडला होता, आणखी दोन-तीन देवळांच्या घंटांबरोबर. चोर बाहेरचेच होते. त्यांना पितळ आणि कासं हवं होतं, किलोच्या भावाने. कपाट उघडं दिसलं म्हणून बाकीचं गाडीत टाकलं. आमची पेटी होती, भाता फाटलेला, सूर गंजलेले, पण होती. सतरा टाळ होते. पखवाज आणि वीणा नव्हती. लाकडाला भंगारात भाव नसतो, ती दोन्ही वाटेतच कुठेतरी टाकली असतील.

वडगावच्या न्यायालयातून मुद्देमाल सुपूर्तनाम्यावर मिळाला. ओळख पटली ती टाळांवरच्या नावांनी. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने टाळांचा जोड देवळाला देतात, ठोकून ठोकून नाव काढलेला. हवं तेव्हा वस्तू कोर्टात हजर करीन असं लिहून देऊन मी सही केली. आईच्या नावाचा एक टाळ माझ्या हातात होता. त्याचा जोडीदार नव्हता.

टाळ जोडीने घडवलेले असतात, एकमेकांत आवाज मिसळावा म्हणून. सतरा सुटे टाळ म्हणजे सतरा अनोळखी माणसं. नावांवरून चारच जोड पूर्ण झाले. उरलेले नऊ कसे जुळवायचे? याला कान लागतो, आणि तो कान आमच्यात एकाचा होता.

मी त्या मुलाच्या घरी गेले. त्याची आई दारात उभी होती, आत या म्हणाली नाही. मी तिथूनच बोलले, की चोर सापडले, आणि मी त्याला चुकीचं समजले होते, माफी मागायला आले आहे. तो आतून ऐकत होता. बाहेर आला नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी देवळात आला. फरशीवर नऊ टाळ मांडले, एकेक उचलून दुसऱ्यावर हलकेच वाजवायचा, आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबायचा, मग बाजूला ठेवायचा. तीन तास लागले. चार जोड लागले, एक उरला, आईचा. तो माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "काकू, याला कुणीच जुळत नाही." आणि गेला. भजनाला तो अजूनही येत नाही. समोर दिसला तर मीच आधी रामकृष्णहरी म्हणते. तो मान हलवतो.

माणसं सांगतात, वस्तू मिळाली की दुःख संपतं. मला ते पटत नाही. मिन-जिन किम नावाच्या व्हायोलिनवादक बाईंचं १६९६ चं स्ट्रॅडिव्हेरियस २०१० मध्ये लंडनच्या युस्टन स्टेशनवर चोरीला गेलं. २०१३ मध्ये ते सापडलं, पण तोवर विम्याचे पैसे घेऊन त्यांनी दुसरं वाद्य घेतलं होतं. सापडलेलं व्हायोलिन लिलावात गेलं, त्यांच्याकडे परत आलंच नाही. आणि दुसरं एक, हुबरमान यांचं, १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधून गेलेलं व्हायोलिन. ते ज्याच्याकडे होतं त्याने मरताना बायकोला सांगितलं, म्हणून जवळपास पन्नास वर्षांनी उघडकीला आलं. तोवर हुबरमान कधीच गेले होते. कोट्यवधींच्या वाद्यांच्या या गोष्टी, आणि आमचा पखवाज दोन हजारांचा. पण मी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या. त्या वाचल्या की वाटे, मी वेडी नाही.

यंदा प्रस्थानाला देहूला गेले होते. इतक्या दिंड्या, इतके पखवाज एकाच वेळी वाजत होते, की पायाखालची जमीन हलत होती. त्या गलबल्यात एका 'धा'च्या मागे मला झिर्र ऐकू आली. मी गर्दीतून वाट काढत गेले. वाजवणारा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, पखवाज जुना, काळपट. मी त्याच्या खोडाकडे बघत राहिले. पितळी पट्टी नव्हती. झिर्र सैल झालेल्या गट्ट्याची होती.

तो थांबला. "मावशी, काय शोधताय?"

"आमचा एक पखवाज हरवलाय."

"कुठल्या सुराचा?"

"काळी दोन," मी म्हणाले.