गोरखीहून धारावीस

महाराज बाड्यावरून गोरखीच्या कमानीकडे वळले, की आम्हां ग्वाल्हेरकरांची पावले आपोआप मंदावतात. १८७४ मध्ये जयविलास राजवाडा उभा राहण्यापूर्वी शिंदे सरकारचे वास्तव्य येथेच होते. येथल्याच शाळेत अटलबिहारी वाजपेयींचे शिक्षण झाले. गेल्या पावसाळ्यात येथेच आमच्या नव्या बुटाचा तळ सुटला. जवळच बसणाऱ्या वृद्ध चर्मकाराने तो उलटासुलटा करून पाहिला आणि हिंदीत विचारले, "टाका घालू कशात? सगळे चिकटवलेले कचकडे आहे." बूट त्याने परत केला, पैसे घेतले नाहीत.

अशा बुटाचे पुढे होते काय, हा प्रश्न मनात घेऊनच दिवाळीनंतर आम्ही पंजाब मेलने मुंबईस गेलो आणि एक दिवस मुद्दाम काढून धारावी पाहिली. चामडे आणि जुने प्लास्टिक हे दोन्ही धंदे तेथे शेजारी नांदतात. एकोणिसाव्या शतकात कातडी कमावणारे कारागीर येथे वसले. त्यांत आपल्याकडील ढोर व चर्मकार होते, तसेच तमिळ मुलखातले मुसलमानही. आता कातडी कमावण्याचे काम जवळजवळ संपले आहे. पिशव्या, पट्टे, पाकिटे शिवण्याचे उरले आहे. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा या धंद्याची ओढाताण आणखी वाढली.

तेरा कंपाऊंडात एका गाळ्यात तरुण कारागीर भेटला. आजोबा कातडी कमावीत, नातू प्लास्टिक निवडतो. "काका, डोळे मिटूनही जात सांगेन," असे म्हणून त्याने एक तुकडा मोडून त्याचा आवाज ऐकवला, दुसरा काडीने पेटवून धुराचा वास दिला. बाटल्या, बादल्या, खुर्च्या यांचे जाती-रंगांनुसार ढीग पडतात. मग यंत्रात चुरा, धुणे, पत्र्यावर वाळवणे; नंतर वितळवून ओढलेल्या तारा पाण्यात निववायच्या आणि बारीक कापायच्या. तो झाला 'दाणा'. त्यापासून पुन्हा बादली होते, चपलेचा तळही होतो.

आम्ही आमच्या बुटाची हकीकत सांगितली. तो हसला. "नुसत्या पीव्हीसीचा तळ असेल तर घेऊ. तुमच्या बुटात कापड, फोम, रबर, गोंद, सगळे एकजीव. ते सोडवायला जी मजुरी लागेल, ती त्यातून निघत नाही." गोरखीतला म्हातारा आणि धारावीतला तरुण, दोघांचा निवाडा एकच!

हल्ली या कामास 'हरित रोजगार' असे गोंडस नाव मिळाले आहे. पण गाळ्यात धुराने आमचे डोळे चुरचुरत होते आणि त्या तरुणाच्या हातांत मोजे नव्हते. कचरा जिरवून शहरावर उपकार करणाऱ्याचेच आयुष्य त्यात जिरावे, हे हरित कसले? त्यातच पुनर्विकासाची टांगती तलवार. २०२२ मध्ये अदाणी समूहाची बोली सर्वाधिक ठरली, २०२३ मध्ये शासनाने ती मंजूर केली. घराच्या बदल्यात घर मिळेलही. पण भट्टी, पत्रा आणि शेजारचा गिऱ्हाईक यांच्या बदल्यात काय, हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

परतताना आम्ही कोल्हापुरी चपला घेतल्या. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले चामडे, चामड्याच्याच वादीची शिवण, खिळा नाही. २०१९ पासून महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांच्या या कसबास भौगोलिक मानांकन आहे. ग्वाल्हेरास येताच त्या गोरखीतल्या म्हाताऱ्यास दाखविल्या. त्याने शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "झिजल्या की माझ्याकडे आणा."