ठणठणीत

अहमदपुरात एकही आजारी माणूस राहत नाही. निदान मला तरी इतक्या वर्षांत भेटलेला नाही. दवाखाने भरलेले असतात, औषधांच्या दुकानापुढं उभं राहायला जागा नसते. पण त्या गर्दीतल्या कोणालाही विचारा, तो मेव्हण्यासाठी, शेजाऱ्यासाठी, फार तर म्हशीसाठी औषध न्यायला आलेला असतो. स्वतःची तब्येत कशी आहे म्हणाल, तर ठणठणीत.

या ठणठणीतपणाचा अर्थ मला फार उशिरा कळला, आणि तोही हिमालयामुळं.

आम्ही पाचजण रोज सकाळी नांदेड रस्त्यानं फिरायला जातो. नाना, गुरुजी, वकीलसाहेब, पोस्टमास्तर आणि मी. सगळे साठी ओलांडलेले. फिरणं तसं पुष्कळ होतं. एक किलोमीटर जाताना, एक येताना आणि मधे चहाच्या टपरीवर पाऊण तास. एके दिवशी नानांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "केदारनाथला जाऊ. पायी."

वास्तविक ज्योतिर्लिंगांच्या बाबतीत आमची काही गैरसोय नाही. बारातली तीन मराठवाड्यातच आहेत. परळीचा वैजनाथ तर इतका जवळ, की सकाळी दर्शनाला गेलेला माणूस दुपारच्या झोपेला घरी असतो. पण इतक्या सोयीच्या देवाजवळ पुण्य कितीसं मिळणार, अशी नानांना शंका होती.

दुसऱ्याच दिवशी सभा भरली. पोस्टमास्तरांनी मुलाच्या मोबाइलवरून एका चिठ्ठीवर सगळी माहिती उतरवून आणली होती. हिमालयातल्या वाटांचे तीन वर्ग असतात: सोपी, मध्यम आणि अवघड. आपापल्या तब्येतीप्रमाणं माणसानं वाट निवडावी. "तर कोण कोणत्या वर्गात?" असं पोस्टमास्तरांनी विचारलं मात्र, 'सोपी' या शब्दाकडं कोणी बघेना. सोपी वाट ही बायकांसाठी असते, असं आम्ही बायका हजर नसताना एकमतानं ठरवून टाकलं.

वकीलसाहेबांनी एकदम अवघडातच हात घातला. रूपकुंड! उंची सुमारे पाच हजार मीटर, तळ्यात माणसांचे सांगाडे.

"कोणाचे सांगाडे?" मी विचारलं.

"आपल्यासारख्यांचेच," गुरुजी म्हणाले. गुरुजी शाळेत विज्ञान शिकवत. २०१९ साली शास्त्रज्ञांनी त्या हाडांचा अभ्यास केला, तेव्हा ही सगळी माणसं एकाच वेळी मेलेली नसून त्यांच्यात कित्येक शतकांचं अंतर आहे, असं निघालं. "म्हणजे आधीच्या तुकडीचं बघून पुढची तुकडी शहाणी झाली नाही," गुरुजींनी धडा संपवला. यावर वकीलसाहेबांना आठवलं, की उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं २०१८ साली तिथल्या उंच कुरणांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आहे. न्यायालयाचा अवमान नको म्हणून त्यांनी रूपकुंड मागं घेतलं. जीव वाचवायला कायदा उपयोगी पडतो तो असा.

केदारनाथ ३,५८३ मीटरवर. गौरीकुंडापासून पूर्वी चौदा किलोमीटरची चाल होती; जून २०१३ च्या प्रलयात रामबाड्याची जुनी वाट वाहून गेली आणि नवी वाट आणखी लांब झाली. पोस्टमास्तरांच्या चिठ्ठीत तुंगनाथ मात्र केदारनाथाहून थोडा उंचच, ३,६८० मीटर. तरी चोपता गावापासून चाल जेमतेम चार किलोमीटर.

"उंच आहे आणि सोपं आहे, हे कसं?" नानांनी विचारलं.

मग गुरुजी रंगले. अंतर पायांना लागतं, उंची फुप्फुसांना लागते, हे दोन्ही वेगळे हिशेब. चार हजार तीनशे मीटरवर गेलात, की एका श्वासात समुद्रकाठच्या मानानं साठ टक्केच प्राणवायू मिळतो.

"म्हणजे रेशनच्या साखरेसारखं," पोस्टमास्तर म्हणाले.

"अगदी तसंच. आणि तिथं वशिला चालत नाही. पहिलवान असला तरी त्याचं डोकं दुखतं, उलट्या होतात, आणि एखाद्या काटकुळ्या माणसाला काहीही होत नाही. सावकाश चढावं. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम पाचेकशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये. आणि त्रास झाला तर सांगावं आणि खाली उतरावं. त्याला तेवढं एकच खरं औषध."

यातलं 'सांगावं' हे अवघड आहे, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटी असं ठरलं, की आधी घरची चाचणी घ्यावी. आमच्या शेजारी चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचं बेट आहे. बेट म्हणजे पाण्यातलं नव्हे. आमच्याकडं पाणी कुठलं? बेट म्हणजे टेकडी. औषधी वनस्पतींसाठी ती प्रसिद्ध. एका रविवारी जीप ठरवली. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही न्यायचं म्हणून बायकांनाही घेतलं.

चढ सुरू झाला आणि माझ्या असं लक्षात आलं, की आमच्या पाचहीजणांना वनस्पतिशास्त्राची भयंकर आवड आहे. पंचवीस पावलं झाली, की वकीलसाहेब थांबत आणि विचारत, "हे झाड कोणतं बुवा?" लगेच पोस्टमास्तर वाकून पान चुरगळत, वास घेत, डोळे मिटत. चांगली दोन मिनिटं मिटत. मी स्वतः एका साध्या तरवडापुढं इतका वेळ उभा राहिलो, की त्याला संकोच वाटला असेल. दम लागला असं मात्र एकाच्याही तोंडून निघालं नाही.

नाना तेवढे झाडांकडं बघत नव्हते. ते एका दगडावर बसले. "चप्पल चावायलीय," म्हणाले. चप्पल जुनी होती, चावायचं तिचं वय राहिलं नव्हतं. मी जवळ गेलो. नानांच्या कपाळावर घाम डवरला होता आणि वारा तर गार होता. त्यांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, माझ्याकडं पाठ केली आणि काहीतरी जिभेखाली ठेवलं.

नानांनी तंबाखू सोडून चार वर्षं झाली होती.

"नाना, कधीपासून?" मी विचारलं.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणले, तपासून घ्या. घरी कळलं तर मला शेताकडं जाऊ द्यायचे नाहीत. तू बोलू नको."

"आणि केदारनाथ?"

"जायचं तर तिथं जावं म्हणलं," नाना म्हणाले आणि हसले.

मला हसू आलं नाही. चाळीस वर्षांचा सोबती, आणि त्याच्या डबीत काय आहे हे मला ठाऊक नाही! आम्ही रोज पाऊण तास टपरीवर बसून अमेरिकेपासून आडतीपर्यंत सगळ्यांची प्रकृती तपासत होतो. रागानं मी म्हणालो, "नाना, मला बीपीची गोळी चालू आहे. ती मी हिच्या कॅल्शियमच्या बाटलीत ठेवतो." का म्हणालो कोण जाणे. एवढ्यात मागून वकीलसाहेब आले. त्यांनी ऐकलं, दगडावर बसले आणि साखरेची कबुली दिली. पोस्टमास्तरांचा गुडघा निघाला, गुरुजींचा दमा निघाला. लोक त्या बेटावर औषधी वनस्पती शोधायला येतात. आम्हाला आमच्याच गोळ्या सापडल्या.

तेवढ्यात वरून आवाज आला, "अहो, या की! दही आंबायलंय!"

आमची ही माथ्यावर उभी होती. एका हातात धपाट्यांची पिशवी, दुसऱ्या हातात पाच लिटर पाण्याची कॅन. मी चकित झालो. खरं म्हणजे व्हायचं कारण नव्हतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा साऱ्या देशानं तोंडात बोट घातलं. पण त्याच्या आधी आणि नंतरही दर उन्हाळ्यात टँकरपासून गच्चीवरच्या पिंपापर्यंत जी रेल्वे धावत होती, ती आमच्या घरात होती आणि तिला मी तोवर कधी तिकीट काढून बघितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी नानांचा शब्द मोडला. त्यांच्या थोरल्या मुलाला सांगितलं. नाना माझ्याशी तीन आठवडे बोलले नाहीत. त्यातला एक आठवडा ते लातूरच्या दवाखान्यात होते. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. स्प्रिंग टाकली. डॉक्टर मुलाला म्हणाले, आणखी महिनाभर थांबला असतात तर सांगता आलं नसतं. चौथ्या आठवड्यात नाना टपरीवर आले, माझ्यापुढं बशी सरकवली आणि म्हणाले, "हिमालयाचं काय ठरवलाव?"

हिमालय वर्षभर पुढं गेला. पण निवड आता सोपी झाली होती, कारण प्रत्येकाचा आजार माहीत होता. गुरुजींनी एकच रस्ता काढला, ज्यावर तिन्ही वर्गांची सोय होती. गोविंदघाट, सुमारे १,८०० मीटर, थेट मोटार जाते: तिथं नाना, डॉक्टरांच्या परवानगीनं. पुढं पुलन्यापर्यंत जीप, मग नऊ-दहा किलोमीटरची चाल, नको असेल तर खेचर, आणि घांगरिया, सुमारे ३,०५० मीटर: तिथं मध्यम मंडळी. जवळच फुलांची दरी. आपला लातूर जिल्हा झाला त्याच १९८२ साली तिचं राष्ट्रीय उद्यान झालं. आणि त्याच्यावर सहा किलोमीटरच्या खड्या चढानं हेमकुंड साहिब, सुमारे ४,३०० मीटर: ज्याला झेपेल त्यानं जावं, आणि वर मुक्काम करता येत नसल्यानं दुपारीच उतरावं.

ऑगस्टात नांदेडहून सचखंड एक्सप्रेसनं निघालो. गोविंदघाटाच्या गुरुद्वारात एका म्हाताऱ्या सरदारजींनी विचारलं, कुठून आलात? अहमदपूर सांगून काय कळणार, म्हणून मी म्हणालो, "नांदेड." त्यांनी "हुजूर साहिब!" म्हणून माझे दोन्ही हात धरले. गुरू गोविंदसिंगांनी पूर्वजन्मी हेमकुंडाच्या काठी तप केलं अशी श्रद्धा, आणि १७०८ साली त्यांनी देह ठेवला तो आमच्या गोदावरीकाठी. पासष्ट वर्षं त्या गावच्या एस.टी.त बसत आलो, पण तेवढ्यावर कोणी हात हातात घेईल असं वाटलं नव्हतं.

नानांच्या सोबतीला कोणीतरी हवं होतं, म्हणून मी खालीच राहिलो. हे अधिकृत कारण. तीन दिवस आम्ही दोघं अलकनंदेचा आवाज ऐकत लंगरमध्ये जेवलो. चौथ्या दिवशी सगळे उतरले. वकीलसाहेब आणि पोस्टमास्तर फुलं बघून तृप्त होते. गुरुजी घांगरियाच्या खोलीत दोन दिवस कांबळं पांघरून विज्ञान आठवत बसले होते. हेमकुंडाला पोहोचली ती फक्त आमची ही. ब्रह्मकमळ बघितलं, बर्फासारख्या पाण्यात हात बुडवले, लक्ष्मणाच्या देवळात नारळ ठेवला.

"दम नाही लागला?" मी विचारलं.

"लागला की! मग सोबतच्या बाईला म्हणलं, मला दम लागलाय, थांबा. थांबलो. पुन्हा लागला, पुन्हा थांबलो. त्यात काय? मला काही झाडं बघायची नव्हती."

परत आल्यावर टपरीवर कोणीतरी नानांना विचारलं, "काय नाना, वरपर्यंत जाऊन आलाव का?"

नाना म्हणाले, "न्हाई. मला मनाई हाय. छातीत स्प्रिंग टाकलीय ना." आणि चहात साखर नको म्हणून पोराला ओरडून सांगितलं, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं.

तर अहमदपुरात सध्या एक आजारी माणूस राहतो. तब्येत म्हणाल, तर त्याचीच तेवढी ठणठणीत आहे.